वाइन-मांडणी, घरगुती
वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवण्यासाठी केलेली लाकडी चौकट. बाटली आडवी ठेवण्याचे कारण तिच्या बुचात असते. बूच-ओक (क्वेर्कस सुबेर) या वृक्षाच्या सालीपासून केलेले हे बूच वाइनने ओले राहिले म्हणजे फुगलेले व घट्ट राहते. बाटली दीर्घकाळ उभी ठेवल्यास ते वाळून आकसते, हवा आत शिरते व वाइन बिघडते. मळसूत्री झाकणाच्या बाटल्यांना ही अट नाही. नासिक परिसरातील पुष्कळ वाइन अशाच बाटल्यांतून विकली जाते. ब्रँडी, व्हिस्की इ. तीव्र मद्ये मात्र उभीच ठेवावीत, कारण त्यांतील अल्कोहॉलामुळे बूच झिजते.

नेहमीच्या ७५० मिलि. बाटलीची लांबी सु. ३० सेंमी., बुडाचा व्यास ७·५ ते ९ सेंमी. आणि मानेचा सु. ३ सेंमी. असतो. बारा बाटल्यांच्या मांडणीसाठी ४० सेंमी. लांब, १५ सेंमी. रुंद व २ सेंमी. जाड अशा चार फळ्या घेतात. लाकूड सागवानी किंवा अन्य कोणतेही चालते, परंतु ते पूर्ण वाळलेले असावे; ओल्या लाकडाच्या पट्ट्या पुढे पिळतात. प्रत्येक फळीच्या मध्यरेषेवर १२ सेंमी. अंतराने तीन भोके पाडतात. दोन फळ्यांवर ती ९·२ सेंमी. व्यासाची, उरलेल्या दोहोंवर ३·५ सेंमी. व्यासाची असतात. मग फळी मध्यरेषेवर चिरली की अर्धवर्तुळाकार खाचा असलेल्या दोन पट्ट्या मिळतात. अर्धवर्तुळे वेगवेगळी कोरण्यापेक्षा ही रीत सोपी असून तीत खाचाही एकसारख्या येतात.

मोठ्या खाचांच्या पट्ट्या बाटलीचे बूड व लहान खाचांच्या पट्ट्या मान पेलतात. दोहोंमधील अंतर सु. २० सेंमी. ठेवतात. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांच्या वरच्या कडा एकाच पातळीत असणे, हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे होय. अर्धवर्तुळांचे मध्य या कडांवरच असल्यामुळे बाटली जवळजवळ आडवी राहते. मान वर उचलली गेल्यास आतला हवेचा बुडबुडा बुचापाशी येतो आणि मांडणीचा हेतूच फसतो.

पट्ट्यांच्या चार जोड्या एकीवर एक १७ सेंमी. अंतराने चार उभ्या खांबांत पटाशीने पाडलेल्या खाचांत बसवून डिंक व स्क्रू यांनी पक्क्या करतात. प्रत्येक सांधा गुण्याने तपासावा. मागील बाजूस एक तिरकी पट्टी ठोकल्यास चौकट डुलत नाही. भरलेल्या बारा बाटल्यांचे वजन १५ ते १८ किग्रॅ. भरते, म्हणून मांडणी वरच्या टोकाशी भिंतीला जखडावी.

वाइनला १० ते १५° से. तापमान मानवते. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान याच्या दुपटीहून अधिक होते व मांडणी त्यावर काहीच उपाय करू शकत नाही. ती स्वयंपाकघरापासून दूर, आतल्या भिंतीलगत, ऊन न येणाऱ्या जागी ठेवावी आणि तीवर काही महिन्यांत संपणाऱ्या बाटल्याच ठेवाव्यात.