एक टीबीची डिस्क ९३१ जीबी का दाखवते?

आपल्या धाराशिवच्या लोकांना आजचा विषय खरं तर लवकर कळायला हवा. घरात कोणी जुनं माणूस असेल तर विचारून बघा. निजामाच्या राज्यात आपल्याकडे हाली सिक्का चालायचा, आणि शेजारी बार्शी-सोलापूरला, इंग्रजी मुलखात, कलदार. दोन्हींना म्हणायचे रुपयाच. पण सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. इथून ७०० रुपये घेऊन बार्शीच्या पेठेत गेलेल्या माणसाच्या हातात ६०० पडायचे, आणि त्यात कोणी त्याला फसवलेलं नसायचं.

जीबीचं तसंच आहे. (टीबी म्हटल्यावर आजार आठवू नका हं, आपण डिस्कबद्दल बोलतोय.) डिस्क बनवणारी कंपनी दशमान पद्धतीनं मोजते. तिचा एक केबी १,००० बाइटचा, जीबी १०० कोटी बाइटचा, टीबी एक लाख कोटी बाइटचा. विंडोज मात्र द्विमान पद्धतीनं मोजतं, तिथला हजार १,०२४ चा. कारण मेमरीच्या चिपमधले पत्ते दोनच्या पटीत वाढतात: २, ४, ८, १६ असं करत दहाव्या पायरीला १,०२४ येतात. हजाराच्या जवळ आहे ना, मग म्हणा किलो! तेव्हा फरक होता २.४ टक्के, कोण विचारतो? पण तो पायरीगणिक वाढतो. एमबीला ४.९, जीबीला ७.४, आणि टीबीला १० टक्क्यांच्या आसपास.

आता एक लाख कोटीला १,०२४ नं तीनदा भागा. उत्तर ९३१. म्हणजे डिस्कवरच्या जीबीला ०.९३१ नं गुणलं की विंडोजचा आकडा येतो. ५०० चे ४६५, ६४ चे ५९.६. उलट जायचं तर १.०७४ नं गुणा.

हे उलट गणित जास्त कामाचं आहे. समजा लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कोणाकडे विंडोजवर ९५० जीबीचं फोल्डर आहे. तो एक टीबीची डिस्क आणतो, रात्री कॉपीला लावतो आणि बसेलच म्हणून मूळ कार्डं पुसायला घेतो. ९५० गुणिले १.०७४, म्हणजे १,०२० झाले. बसणारच नाही! शेवटचं काहीतरी राहणार, आणि नवरा-नवरीला पुन्हा उभं करता येत नाही.

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगानं द्विमान मापांना वेगळी नावं दिली: किबी, मेबी, गिबी. ॲपलनं २००९ पासून मॅकवर दशमान मोजणी घेतली, म्हणून तीच डिस्क तिथे हजार जीबी दिसते. विंडोज मोजतं गिबी आणि लिहितं जीबी. रॅमचे ८ जीबी आजही द्विमानच. जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीची तर कमालच, तिथला एमबी १,००० गुणिले १,०२४ बाइटचा होता. अर्धा हाली, अर्धा कलदार!

तेव्हा ९३१ दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नका. संशय घ्यायचा तो चारपाचशे रुपयांत मिळणाऱ्या ‘दोन टीबी’च्या पेनड्राइव्हचा. तो पडद्यावर आकडा बरोबर दाखवतो, पण आत जागा असते थोडीशीच. तो पूर्ण भरून, फायली परत उघडून बघितल्याशिवाय त्यावर काही ठेवू नका.