ड्वार्फ फोर्ट्रेस : ज्वालामुखीशेजारी किल्ला बांधताय? आधी दगड ओळखा!

माइनक्राफ्टमध्ये लाव्हावर पाणी ओतून ऑब्सिडियन बनवलंय ना? मग 'ड्वार्फ फोर्ट्रेस'ची गंमत पटकन कळेल. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा हा कॉम्प्युटर गेम २००६ मध्ये आला आणि २०२२ मध्ये चित्रांसह स्टीमवर. बुटक्यांची टोळी घेऊन जमीन खोदायची आणि किल्ला उभारायचा. पण खालचा दगड कोणता, यावर तुमचा किल्ला टिकणार की नाही हे बऱ्यापैकी ठरतं.

ज्वालामुखी खडक कोणते?

गेममध्ये पाच आहेत : बेसॉल्ट, अँडेसाइट, डेसाइट, रायोलाइट आणि ऑब्सिडियन. ही नावं काल्पनिक नाहीत. लाव्हा जमिनीवर येऊन लवकर थंड झाला की हे खडक बनतात. तोच रस जमिनीखाली सावकाश थंड झाला, तर रायोलाइटच्या जागी ग्रॅनाइट आणि बेसॉल्टच्या जागी गॅब्रो मिळतो. सह्याद्रीतला काळा कातळ म्हणजे बेसॉल्टच. रायगडही त्याच्यावरच उभा आहे.

ऑब्सिडियन भारी का?

साध्या दगडाची किंमत १, तर ऑब्सिडियनची ३. त्यामुळे त्याच्या खोल्या आणि मूर्ती जास्त मोलाच्या ठरतात. शिवाय ऑब्सिडियन आणि लाकूड वापरून छोटी तलवार बनते. चिलखत नसलेल्या शत्रूवर ती मस्त चालते, धातूच्या चिलखतापुढे मात्र फिकी पडते. ऑब्सिडियन हवा तेवढा तयारही करता येतो : मॅग्मावर पाणी सोडा, जागेवर भिंत तयार! फक्त तेव्हा आपला बुटका तिथे नको, नाहीतर तोही भिंतीतच जाईल.

खरी अडचण पोलादाची

ज्वालामुखी खडकात हेमॅटाइट सापडतं, म्हणजे लोखंडाची सोय होते. मॅग्मावर चालणारी भट्टी असेल तर खनिज वितळवायला कोळसाही लागत नाही. पण पोलादाला फ्लक्स लागतो, म्हणजे चुनखडक, संगमरवर, डोलोमाइट असे दगड. ते या थरात नसतात. दगडी कोळसाही गाळाच्या खडकातच मिळतो. नवे खेळाडू नेमके इथे फसतात : मॅग्मा भरपूर, पण शत्रू दारात येतो तेव्हा सैनिकांच्या अंगावर पोलाद नाही.

मग काय करायचं?

जागा निवडतानाच ज्वालामुखीसोबत फ्लक्सचा थर आहे का ते बघा. नसेल, तर बुटक्यांच्या व्यापारी तांड्याकडून पोलाद मागवा. आणि कोळशासाठी झाडं जपून तोडा!