शाळा, शिबिर आणि विमानाचं तिकीट

हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा पोराटोरांची ‘यहुदी ओळख’ जपायला हवी अशी भाषा कुणाच्या तोंडी नव्हती. ओळख घरातच होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनवार तेली’ हे नाव पडलेलं होतं. आठव्या दिवशी मुलाची सुंता, नवस फेडताना एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मलिद्याचं ताट, वर्षभरात नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण आणि मंदिराच्या विध्वंसाच्या शोकात बिरड्याचा सण. अलिबाग-पेणकडच्या कुठल्याही आजीला हे शिकायला शिबिराला जावं लागलं नव्हतं.

प्रश्न उभा राहिला तो कुटुंबं मुंबईत आल्यावर. मुलं मिशनच्या शाळेत जाऊ लागली आणि गंमत म्हणजे हिब्रूची पहिली नीट गाठ अनेकांना तिथंच पडली. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहून ठेवलं होतं. पाद्र्यांना माणसं ख्रिस्ती व्हायला हवी होती. तशी फार थोडी झाली, बाकीची हिब्रू वाचायला शिकून आपल्याच प्रार्थनागृहात परत गेली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकामागून एक प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. १८८०च्या सुमारास तर कीर्तनच सुरू झालं. हरिदासाच्या थाटात, साकी-दिंडीच्या चालींवर, पण आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं. तरुणांना धर्माकडे ओढण्याचा याहून देखणा उपक्रम या समाजात पुन्हा झाला असं मला वाटत नाही.

केहिमकरांची शाळा वाढत गेली. हाँगकाँग-शांघायच्या कदूरींच्या देणगीनंतर तिला सर एली कदूरी यांचं नाव मिळालं. माझगावच्या या शाळेचा खरा काळ मात्र रिबेका रूबेन यांचा. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, इंग्लंडला जाऊन आलेल्या या बाई १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. म्हणजे त्यांच्या हाताखालून गेलेल्या पहिल्या मुलींच्या मुलीही त्यांच्याच शाळेत आल्या असतील. त्याआधी १९१७ पासून काही वर्षं त्यांनी समाजाचं वार्षिक संपादित केलं होतं. जगभरच्या यहुद्यांत आपण कुठे बसतो, हा प्रश्न त्यात सतत डोकावतो. शाळेत हिब्रू होती, सणांच्या सुट्ट्या होत्या, आणि त्याच फळ्यावर मराठीही होती. मुलाला यातलं एक निवडायला कुणी सांगत नव्हतं. नंतरच्या साऱ्या उपक्रमांकडे पाहताना मी हीच एक कसोटी लावतो, आणि बहुतेक उपक्रम तिला पुरे पडत नाहीत.

कारण नंतर आले ते बाहेरून आले. १९२९ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये सुरू झालेली हबोनीम ही युवक चळवळ मुंबईत पोचली. धार्मिक वळणाची बने अकीवाही आली. गणवेश, शेकोटी, हिब्रू गाणी, होरा नाच, किबुत्झ या इस्राएलमधल्या सामूहिक वसाहतींच्या गोष्टी. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना याची भुरळ न पडती तरच नवल. आणखी एक गोष्ट इथं घडली, तिची नोंद फारशी होत नाही. बगदादी यहुदी आणि बेने इस्राएल यांचं जमत नव्हतं. बगदादी श्रीमंत, गोऱ्यांच्या जवळचे. कोकणातून आलेल्या या मराठी बोलणाऱ्यांच्या यहुदीपणाबद्दल त्यांच्या मनात शंका. दोघांची प्रार्थनागृहं वेगळी. वडीलधाऱ्यांना जे साधलं नाही ते चळवळीच्या शेकोटीभोवती पोरांना थोडंफार साधलं.

पण या चळवळींना शेवटी एकच उत्तर ठाऊक होतं: इस्राएलला निघा. १९४८ साली इस्राएल झालं तेव्हा बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. रेल्वे, पोस्ट, कस्टम, पोलीस अशा नोकऱ्यांत ब्रिटिश अमदानीत स्थिरावलेल्या घरांना पुढचं दिसत नव्हतं, हेही खरं. तरी आधी घरातली तरुण पोरं निघाली आणि आईवडील मागून गेले, हा क्रम अनेक कुटुंबांत सापडतो. मुलांची ओळख घट्ट करण्याचं काम इतकं यशस्वी झालं की ती ओळख जपायला इथं मुलंच उरेनात.

तिकडे काय वाट्याला आलं? नोकऱ्यांत, घरांत डावललं जाण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. काहींनी धरणं धरून १९५२ मध्ये भारतात परत पाठवून घेतलं. त्यांतले बरेच पुढे पुन्हा गेले. मग १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या पीठानं बेने इस्राएलांशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. मुंबईत शेकोटीपाशी ‘तू यहुदी आहेस’ म्हणून ज्याच्या पाठीवर थाप पडली, त्यानं आता आजीच्या आजीचा पुरावा आणायचा! जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, १९६४ मध्ये संसदेनं बेने इस्राएल पूर्ण यहुदी असल्याचं ठणकावलं आणि पीठाला माघार घ्यावी लागली. मुलांना चळवळीनं ज्या घराचं चित्र दाखवलं होतं, त्या घराच्या उंबऱ्यावर असा पहारा असेल हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मागे राहिलेल्यांसाठी १९६०च्या दशकात दोन संस्था उभ्या ठाकल्या. ओआरटी या यहुदी शिक्षणसंस्थेनं १९६२ मध्ये मुंबईत धंदेशिक्षण सुरू केलं. हातात कसब द्या, बाकीचं पोरं बघून घेतील, असा तो सरळ हिशेब होता. त्याच दशकात जॉइंटचं, म्हणजे अमेरिकी यहुद्यांच्या मदतसंस्थेचं काम आलं. आधी म्हातारे आणि गरजू, आणि मग हळूहळू तरुण. ज्यूइश यूथ पायोनियर्स, शहराबाहेरची शिबिरं, सणांचे मेळावे, समाजकेंद्रातले हिब्रूचे वर्ग. ठाण्यात, बोरिवलीत, भायखळ्यात विखुरलेल्या मुलांना आपल्यासारखी दुसरी मुलं दिसावीत, एवढं काम ही शिबिरं करतात आणि ते लहान नाही. वर्गात एकटाच यहुदी असलेल्या मुलाला ‘म्हणजे तुम्ही नक्की कोण?’ याचं उत्तर रोज द्यावं लागतं. शिबिराचे चार दिवस त्याला ते द्यावं लागत नाही.

१९९२ मध्ये भारत-इस्राएल पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि दारं उघडली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या तगलीत योजनेतून जगभरच्या यहुदी तरुणांना दहा दिवस इस्राएल फुकट दाखवतात. त्यात भारतातलीही मुलं गेली. हंगेरीतल्या सार्वाश इथं १९९० पासून भरणाऱ्या उन्हाळी शिबिरात विसाहून अधिक देशांची मुलं जमतात, तिथंही इथली पोचली. तिथल्या हंगेरियन मुलांची कथा अगदी उलटी. नाझी संहारानंतर आणि कम्युनिस्ट राजवटीत अनेक घरांनी मुलांपासून यहुदी असणंच लपवलं होतं. त्यांना शिबिरात पहिल्यांदा शब्बाथचा दिवा दिसला. कोकणी घरातून आलेल्या पोरानं तो आईला दर शुक्रवारी लावताना पाहिलेला. दोघांना एकच अभ्यासक्रम कसा पुरेल? पण कार्यक्रम आखणारे बहुधा बुडापेस्टसारख्या पोकळ्या डोळ्यांपुढे ठेवून आखतात. मुंबईत पोकळी नव्हती. मलिदा होता, बिरडं होतं, मराठी कीर्तन होतं. त्याला ‘आमचा स्थानिक वारसा’ म्हणून शिबिरात एखादी संध्याकाळ मिळते. मुख्य पान दुसऱ्याच पदार्थांनी भरलेलं असतं.

२००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाऊस या मुंबईतल्या यहुदी केंद्रावर दहशतवादी हल्ला झाला. मेळाव्याच्या दारात नावं तपासणारा माणूस ही तेव्हापासून नेहमीची गोष्ट.

आज भारतात सगळे मिळून पाचेक हजार यहुदी असतील, त्यांतले निम्म्याच्या आसपास महाराष्ट्रात. शिबिरात गटप्रमुख म्हणून तयार झालेली मुलगी वीस-बावीस वर्षांची झाली की शिक्षणाला किंवा कायमची निघून जाते आणि संयोजकांना पुन्हा पहिल्यापासून माणसं घडवावी लागतात. २०१६ मध्ये राज्य सरकारनं यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. शिष्यवृत्त्या मिळतील, स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवता येतील. स्वतःची शाळा तर दीडशे वर्षांपासून आहेच. माझगावला ती अजून भरते, पटही चांगला आहे, आणि त्या पटावरची जवळजवळ सगळी मुलं आता आसपासच्या मोहल्ल्यांतली मुसलमान आहेत.