कलामेळ्यातलं बक्षीस

मागच्या वर्षी आमच्या पुतणीला एक ई-मेल आला. ‘कलामेळ्यातील पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, सन्मानचिन्हासाठी सोबतच्या खात्यात पैसे भरावेत.’ घरात पेढे आणायची तयारी सुरू झाली. तेवढ्यात तिनेच विचारलं, “काका, मी चित्र पाठवलंच नव्हतं. मग त्यांनी पाहिलं काय?”

प्रश्न अगदी नेमका होता. चित्रकला शिकणारी मुलं आज आपल्या अनेक घरांत आहेत. म्हणून खरं बक्षीस कसं मिळतं, ते समजून घ्यायला हवं.

कलामेळा हा मुळात बाजार असतो. दिल्लीचा ‘इंडिया आर्ट फेअर’ 2008 साली ‘इंडिया आर्ट समिट’ या नावाने सुरू झाला. तिथे गॅलऱ्या भाडं देऊन दालनं घेतात आणि आपल्या चित्रकारांची कामं मांडतात. पाठीशी गॅलरी नसलेल्या तरुणाला तिथे शिरणं अवघड. त्याच्यासाठी स्पर्धा हा दुसरा दरवाजा ठरतो.

स्पर्धाही सगळ्या सारख्या नसतात. काही ठिकाणी केलेल्या कामाचा मान होतो. स्कोडा पुरस्कार तसा होता. आधी निवडक नावांची यादी, मग परीक्षकांचा निर्णय आणि विजेत्याला 10 लाख रुपये. मिठू सेन, नवीन थॉमस आणि एल. एन. तल्लूर हे त्याचे मानकरी. यांतल्या तल्लूर यांनी वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचं शिक्षण घेतलं आहे.

काही ठिकाणी न झालेल्या कामाची कल्पना मागवतात. बीएमडब्ल्यू आणि इंडिया आर्ट फेअर यांच्या अशाच स्पर्धेत हैदराबादच्या फैजा हसन यांची ‘सुनो’ ही कल्पना निवडली गेली आणि 2022 च्या मेळ्यात त्यांचं चित्र चक्क मोटारीवर झळकलं. अशा स्पर्धेत कंपनीची जाहिरातही होते, त्यात गैर काही नाही. पण चित्राचे हक्क कोणाकडे राहणार, हे सही करण्याआधी वाचावं.

मेळ्यांच्या कितीतरी आधीपासूनची वाट म्हणजे कलासंस्थांची प्रदर्शनं. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 ची. 1937 मध्ये तिने अमृता शेरगिल यांच्या ‘थ्री गर्ल्स’ला सुवर्णपदक दिलं. इंदूरला जन्मलेल्या आणि वडोदऱ्याला अनेक पिढ्या घडवणाऱ्या ना. श्री. बेंद्रे यांना 1955 साली ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग पारख कशी करायची? परीक्षकांची नावं जाहीर आहेत का? मागचे विजेते कोण, आणि ते आज काय करतात? प्रवेशशुल्क प्रामाणिक स्पर्धांमध्येही असू शकतं, पण ते चित्र पाठवताना घेतात. निकालानंतर पैसे मागितले, तर तो पुरस्कार नव्हे, विक्री समजावी.

पुतणीने पैसे भरले नाहीत. त्या पैशांतून तिने कॅनव्हास आणि रंग आणले आणि एका जुन्या कलासंस्थेच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवलं. ते निवडलं गेलं नाही. “निदान या वेळी कोणीतरी पाहिलं तरी,” ती म्हणाली आणि पुढचं चित्र काढायला बसली.

पेढे आम्ही त्या दिवशी आणले.