स्वयंचलित गिअरपेटी आणि उष्णता : पडेगाव–वेरूळ मार्गाच्या अनुषंगाने

छत्रपती संभाजीनगरातून छावणी ओलांडून वेरूळकडे निघालेल्या वाहनास वाटेत पडेगाव लागते. तेथपर्यंतचा प्रवास गर्दीतून, थांबत थांबत होतो. पुढे दौलताबाद मागे पडले की खुलताबादची चढण सुरू होते आणि कन्नडपलीकडे औट्रम घाटाचा उतार येतो. उन्हाळ्यात या भागातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. मंद गती, चढण आणि उष्मा या तिन्ही गोष्टी ज्या मार्गावर एकत्र येतात, तो मार्ग चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या जड वाहनाच्या स्वयंचलित गिअरपेटीची परीक्षा पाहणारा होय. अशा गिअरपेटीतील तेल वाहनाच्या आयुष्यभर बदलावे लागत नाही, असा समज बराच रूढ आहे. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे केला आहे.

साध्या गिअरपेटीत तेलाचे कार्य मुख्यतः वंगणाचे असते. स्वयंचलित पेटीत मात्र तेच तेल शक्ती वाहून नेते, क्लचच्या तबकड्या दाबून धरते, झडपांना हालचाल देते आणि उष्णताही बाहेर नेते. इंजिन व दंतचक्रे यांच्यामध्ये असलेला टॉर्क कन्व्हर्टर हा या रचनेचा गाभा. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी त्याचे पेटंट घेतले. मोटारींत त्याचा प्रसार १९४० नंतरच्या दशकांत झाला. इंजिनाने फिरविलेले एक पाते-चक्र तेलास गती देते व ते तेल दुसऱ्या चक्रास फिरविते. या दोन चक्रांच्या वेगांत जो फरक राहतो, त्यामुळे वाया जाणारी शक्ती उष्णतेच्या रूपाने तेलात उतरते. सपाट रस्त्यावर, स्थिर वेगात, आतील कुलूप-क्लच दोन्ही चक्रे एकत्र जखडतो आणि हा व्यय जवळजवळ थांबतो. गर्दीत व संथ चढणीवर हे कुलूप वारंवार उघडे राहते.

या उष्णतेचे मान एका ढोबळ गणिताने कळते. माणसे व सामान धरून २५०० किलो वजनाचे वाहन ३०० मीटर उंच चढले, तर त्यासाठी सुमारे ७३.५ लक्ष जूल ऊर्जा लागते. इंजिनाकडून आलेल्या शक्तीपैकी १० टक्के शक्ती तेलात वाया गेली असे मानल्यास सुमारे ८ लक्ष जूल उष्णता निर्माण होते. पेटीत ८ लिटर, म्हणजे जवळपास ७ किलो तेल असेल आणि शीतक मुळीच नसेल, तर एवढ्या उष्णतेने तेलाचे तापमान सुमारे ६० अंशांनी वाढेल. हवेचा व रस्त्याचा विरोध यात धरलेलाच नाही. यावरून रेडिएटरजवळचा तेल-शीतक धूळ व चिखलापासून स्वच्छ ठेवणे किती अगत्याचे आहे, हे ध्यानात येते.

रासायनिक क्रियांचा वेग तापमानात दर १० अंशांची वाढ झाली असता साधारणतः दुप्पट होतो. तेलाचे ऑक्सिडीकरणही याच नियमास अनुसरते. म्हणून तेलाचे ‘आयुष्य’ केवळ किलोमीटरांत मोजणे अपुरे ठरते. ते कोणत्या तापमानात गेले, हेही पाहावे लागते. शेंद्रा येथील कारखान्यात जुळणी झालेल्या ऑडी क्यू-७ सारख्या गाड्यांत झेडएफ या जर्मन कंपनीची आठ गतींची पेटी आढळते. ही कंपनी स्वतः ८० हजार ते १ लक्ष २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे झाल्यावर तेल बदलण्याची शिफारस करते. पेटी बनविणाराच असे सांगत असता ‘आयुष्यभराचे तेल’ ही कल्पना टिकत नाही.

तेलाची पातळी पाहण्यासही शिस्त हवी. बहुतेक पेट्यांत ती इंजिन चालू ठेवून, वाहन समपातळीवर उभे करून, उत्पादकाने सांगितलेल्या तापमानातच पाहावयाची असते. तेल थंड असता पातळी पूर्ण केली, तर तापल्यावर ते प्रसरण पावून फिरत्या भागांत घुसळले जाते व फेसाळते. फेस दाब धरू शकत नाही आणि तबकड्या घसरू लागतात. फार तापलेल्या तेलात पातळी पाहिली, तर पेटीत तेल कमी राहते. निराळ्या प्रतीचे तेल घालणे तितकेच घातक, कारण तबकड्यांची पकड तेलातील घर्षण-नियामक द्रव्यांवर अवलंबून असते.

जुने तेल बदलल्यानेच पेटी बिघडते, अशी एक समजूत आहे. वस्तुतः करपट वासाचे काळे तेल हे तबकड्या आधीच झिजल्याचे लक्षण असते, आणि झिजलेली तबकडी नव्या तेलाने पूर्ववत होत नाही. मात्र दुर्लक्षित पेटी दाबाने धुतल्यास साचलेला गाळ सुटून झडपांच्या बारीक मार्गांत अडकू शकतो. तेथे तेल आपोआप गळू देऊन, गाळणीसह बदलणे हाच सावध मार्ग होय.

चारही चाके चालविणाऱ्या वाहनांत आणखी दोन पथ्ये येतात. पुढील व मागील आसांत शक्ती विभागणाऱ्या पेटीचे व डिफरन्शिअलचे तेल बहुधा वेगळे असते. त्याचा विसर पडू नये. चारही टायरांचा परीघ सारखा हवा, अन्यथा सतत चारचाकी चालणाऱ्या वाहनाच्या मधल्या डिफरन्शिअलवर अखंड ताण पडतो. बंद पडलेले वाहन चाके जमिनीवर ठेवून ओढत नेणे टाळावे. पेटीतील तेल-पंप सामान्यतः इंजिनावर चालतो, आणि इंजिन थांबले की फिरत्या भागांना वंगण मिळत नाही.

घाट उतरताना खालचा गिअर धरून इंजिनाचा अवरोध वापरला, तर ब्रेक तापत नाहीत. हा अवरोध चाकांपर्यंत पोहोचतो तो त्याच तबकड्यांच्या पकडीतून. तेव्हा तेलाची वेळेवर केलेली निगा मोठा दुरुस्तीखर्च वाचविते, आणि उतारावर प्रवाशांच्या सुरक्षिततेशीही तिचा थेट संबंध आहे.