कागदपत्रांचे फोटो मोबाईलमध्येच लहान करा

योजनेचा अर्ज भरताना आधार कार्ड किंवा बँक पासबुकाचा फोटो अपलोड करायला जावे आणि ‘फाईलचा आकार जास्त आहे’ असा संदेश यावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. मोबाईलचा फोटो बऱ्याचदा ३ ते ५ एमबीचा असतो, पोर्टलची मर्यादा मात्र काहीशे केबीच असते. शेवटच्या तारखेच्या घाईत मग समोर दिसेल त्या संकेतस्थळावर फोटो टाकला जातो. अशा अनेक ठिकाणी आपला फोटो आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि तिथे लहान होऊन परत येतो. मूळ प्रत तिथे किती दिवस राहते, हे आपल्याला कळत नाही. आधार क्रमांक आणि खाते क्रमांक असा कुठेही ठेवून येऊ नये.

याला मोफत पर्याय आहे. गुगलच्या क्रोम विभागाने तयार केलेले ‘स्क्वूश’ हे साधन ब्राउझरमध्येच उघडते आणि फोटोवरची सगळी प्रक्रिया आपल्या मोबाईलमध्येच होते; फोटो बाहेर जात नाही. खात्री करायची असेल तर आधी बांधाचा एखादा साधा फोटो त्यात लहान करून पाहा. मग इंटरनेट बंद करून दुसरा फोटो टाका. तरीही काम झाले, तर प्रक्रिया मोबाईलमध्येच होते आहे. इतर कोणतेही साधन वापरण्याआधी हीच चाचणी घ्या.

फोटो काढल्यावर आजूबाजूचे टेबल, सतरंजी कापून टाका. निम्मा भार तिथेच कमी होऊ शकतो. नंतर ‘रिसाइज’ चालू करून रुंदी कमी करा. ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो १६०० × १२०० केला की पिक्सेल सुमारे एक षष्ठांश उरतात. प्रकार ‘मोझजेपेग’ निवडा, क्वालिटी ७५ च्या आसपास ठेवा. आकार तिथेच दिसतो. जास्त वाटल्यास क्वालिटी थोडी थोडी उतरवा. डाउनलोड केल्यावर फोटो मोठा करून आकडे नीट वाचता येतात का, ते बघाच. अंक पुसट दिसले तर अर्ज त्रुटीत निघू शकतो आणि सगळी मेहनत वाया जाते. डिजिटल सातबारा पीडीएफ असतो, त्याला ही पद्धत चालत नाही.

रोग-किडीच्या फोटोंना मात्र हा नियम लावू नका. फुलकिडे, कोळी, पानावरचे बारीक ठिपके आकार कमी करताना पुसले जातात आणि आम्हाला निदान करता येत नाही. असा फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो मूळ स्वरूपात पोहोचतो. पीक नुकसानीचा मूळ फोटोही जपून ठेवा. लोकेशन चालू ठेवून काढलेल्या फोटोत तारीख आणि ठिकाणाची नोंद असते. लहान केलेल्या प्रतीत ती राहीलच असे नाही.