परदेशात कामानंतर भाड्याची गाडी: स्टिअरिंगवर बसण्याआधी झोपेचा हिशोब करा

समजा, रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या कंपनीने तुम्हाला आठवडाभरासाठी जर्मनीला पाठवले आहे. पेणच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढून झाला. संध्याकाळी काम संपले की भाड्याने गाडी घ्यायची, ऱ्हाईन नदीचा काठ पाहायचा आणि रात्री हॉटेलवर परतायचे, असा बेत आहे. बेत चांगला आहे. पण तुम्हाला गाडी येते एवढेच परवाना सांगतो. त्या रात्री तुमचा मेंदू जागा राहील का, याचा हिशोब तुम्हालाच करावा लागतो.

थकवा एवढा धोकादायक का?

सलग १७ तास जागे राहिल्यावर प्रतिसादाचा वेग साधारण तेवढाच मंदावतो, जेवढा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना मंदावतो. भारतात वाहनचालकासाठी मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे ५ ला उठून दिवसभर काम केले आणि रात्री १० वाजता परतीला निघालात, तर दारूचा थेंबही न घेता तुमची अवस्था तशीच असू शकते.

अशा वेळी काही सेकंदांची डुलकी लागते आणि ती आपल्याला कळतही नाही. ताशी ९० किमी वेगाने ४ सेकंदांत गाडी १०० मीटर पुढे जाते.

घड्याळ जर्मनीचे, शरीर रोह्याचे

हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन तास. तिथे संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा रोह्यात रात्रीचे साडेअकरा किंवा साडेदहा झालेले असतात. शरीराचे घड्याळ नव्या वेळेशी दिवसाला साधारण एक तास या गतीने जुळते. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस संध्याकाळीच डोळे जड होतात.

दुबई किंवा मस्कतला फरक दीडच तासाचा आहे. पण पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्री रोह्याहून निघालेल्या माणसाची झोप झालेली नसतेच.

त्यात या तिन्ही ठिकाणी गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. ताजातवाना मेंदू हे सांभाळतो. थकलेला मेंदू जुन्या सवयीकडे वळतो, विशेषतः रिकाम्या चौकात वळताना किंवा पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना.

कोणी जास्त काळजी घ्यावी?

- सर्दी, खोकला, ॲलर्जी किंवा गाडी लागण्याची गोळी घेणारे: यातल्या अनेक औषधांनी गुंगी येते. पाकिटावर तशी सूचना असेल तर गाडी चालवू नका.
- इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणारे: निघण्यापूर्वी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी खा. ७० च्या खाली गेली तर गाडी चालवू नका; साखर पूर्ववत झाल्यावरही निदान ४५ मिनिटे थांबा.
- मोठ्याने घोरणारे आणि दिवसाही पेंगणारे: हा स्लीप ॲप्निया असू शकतो. प्रवासाआधीच डॉक्टरांना दाखवा.

धोक्याची लक्षणे

वारंवार जांभया येणे, मान खाली जाणे, गाडी लेन सोडून सरकणे, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणे. यातले एकही जाणवले तर पुढच्या सुरक्षित जागी थांबा. काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी दोन-चार मिनिटे बरे वाटते, पण झोप टळत नाही.

मग काय करावे?

- पोहोचल्याच्या दिवशी गाडी घेऊ नका. पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी ट्रेन, बस किंवा टॅक्सीने फिरा.
- गाडीची सहल सुट्टीच्या सकाळी ठेवा. आदल्या रात्री ७ ते ८ तास झोप घ्या.
- निघण्यापूर्वी उठल्याची वेळ आणि परतीची वेळ यांतले तास मोजा. १६ पेक्षा जास्त भरत असतील तर बेत पुढे ढकला.
- दर दोन तासांनी १५ मिनिटे थांबा.
- वाटेत पेंग आलीच, तर कडक कॉफी पिऊन लगेच १५ ते २० मिनिटे झोपा. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला अर्धा तास लागतो. हा तात्पुरता उपाय आहे. त्यानंतरही पेंग येत असेल तर तिथेच मुक्काम करा.

घरच्यांसाठी

तो गाडी चालवत असताना फोन करू नका. निघण्यापूर्वी मात्र जरूर विचारा, "आज किती वाजता उठलास? रात्री झोप झाली का?" पैसे भरलेत म्हणून जायलाच हवे, असा आग्रह धरू नका.

परतीच्या दिवशीही हाच हिशोब लावा. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर मुंबई विमानतळावरून पेण-रोह्याकडे स्वतः गाडी चालवत येऊ नका. घरच्या कुणाला तरी किंवा ड्रायव्हरला बोलवा आणि मागच्या सीटवर पट्टा लावून झोपा.